रविवारचा अर्धा तास

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि तो माणूस आमच्या दवाखान्याच्या आत, लिफ्टच्या दारापाशी, छत्री उघडून उभा होता.

मी जेवणाचा डबा विसळून परत येत होते. काळी, लांब दांड्याची छत्री. तिच्याखाली पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या एक बाई. उजव्या डोळ्यावर हातरुमाल धरलेला. छत्री सगळी त्यांच्यावर होती. तो स्वतः बाहेरच.

"इथं आत पाऊस पडत नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला.

बस्स. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली... ते आलंच नाही. तो शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर उद्धटपणाचा मागमूसही नाही. तेच तर विचित्र होतं.

"त्याला काही विचारलंस तर तो सांगेल," छत्रीखालून आवाज आला. "तू विचारलं नाहीस, माहिती दिलीस. ती त्याच्याकडे आधीपासून होती."

"बरं... छत्री का उघडलीत?"

"आत्याला उजेड सहन होत नाही. ट्यूबलाइटचासुद्धा."

आणि मग तो किंचित हसला — ओठांनी नाही, डोळ्यांनी. डोळे बघणं हे माझं कामच आहे. ते हसू माझ्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

*

मी डॉक्टर नाही. मोठ्या डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्याचा दाब मोजायचा, यंत्रातून पहिली नजर टाकायची, आणि फॉर्म भरून घ्यायचा. त्या फॉर्मवर माझा विशेष जीव. मी नोकरीला लागले तेव्हा तो चार पानी होता, आणि पेशंट तिसऱ्या पानावर पेंगायचे. मी खपून तो एका पानावर आणला. "सुटसुटीत झालाय," असं मोठ्या डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो 'सुटसुटीत' मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

त्या दिवशी मी प्रश्न वाचले, आत्यांनी उत्तरं दिली आणि भाच्यानं ती लिहिली.

"रोज घेत असलेली औषधं?"

"नाही."

"डोळ्यांचं किंवा दुसरं काही ऑपरेशन?"

"नाही."

"बीपी, शुगर, सांधेदुखी?"

"नाही, नाही, नाही."

त्याचं अक्षर इतकं सुरेख की ते पाच 'नाही' एकाखाली एक ओळीनं उभे राहिले. मी मनात म्हटलं, वा! पेशंट असावा तर असा.

"चला आजी, हनुवटी इथं ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा..."

"मी कुणाची आजी नाही. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सगळे बाई म्हणतात."

"बरं, बाई. आता माझ्या उजव्या कानाकडे बघा."

"कानाकडे?"

"म्हणजे डोळा स्थिर राहतो. मी तुमच्या डोळ्यात बघणार, तुम्ही माझ्या कानाकडे."

"अन्याय्य विभागणी आहे," बाई म्हणाल्या, पण बघू लागल्या.

मी उजेडाची बारीक तिरीप त्यांच्या डोळ्यात सोडली. निरोगी डोळ्यात बाहुलीच्या पुढच्या जागेत काही दिसत नाही. नुसता स्वच्छ काळोख असतो. बाईंच्या डोळ्यात बारीक कण तरंगत होते, खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगते तसे.

मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. "डोळ्याच्या आतून सूज आहे. युव्हायटिस म्हणतात. थेंब देते, तपासण्या लिहून देते. कारण कधी सापडतं, कधी नाही. डाव्या डोळ्याचं काय?"

"तो लहानपणापासून आळशी," बाई म्हणाल्या. "वरच्या दोन ओळींपुढे त्याची मजल गेली नाही. माझं सगळं वाचन या उजव्यावर आहे."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. पण मागं उभ्या असलेल्या भाच्यानं छत्रीचा दांडा घट्ट धरलेला मी पाहिला.

परत जाताना मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर जमिनीपेक्षा जराशी वर थांबते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेली माणसं हटकून तिथं अडखळतात. बाईही अडखळल्या. त्यानं एका हातानं सावरलं.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं. अडखळण्यावरून लक्ष उडवायला... असं मी स्वतःला सांगितलं.

"लिफ्टची दुरुस्ती."

"मग आमची ही लिफ्ट..."

तो बघत राहिला.

"आमच्या या लिफ्टचं काय बिघडलंय?" मी नीट प्रश्न केला.

"दोन बोटं वर थांबते. ब्रेकची पट्टी झिजली आहे."

"येतानाच कळलं होतं ना? सांगितलं का नाहीत?"

"विचारलं नाहीत," तो म्हणाला. आणि पुन्हा ते डोळ्यांतलं हसू.

*

नंतर दर आठवड्याला ते दोघं यायचे. छत्री आली की काउंटरवरच्या काकू आतल्या फोनवर मला कळवायच्या, "छत्रीवाले आले गं. केस नीट कर."

"काकू! पेशंटचे नातेवाईक आहेत ते."

"मग? नातेवाइकांसमोर केस विस्कटलेले चालतात होय?"

बाईंच्या सगळ्या तपासण्या चोख आल्या. रक्त चांगलं, छातीचा फोटो चांगला. सुजेचं कारण काही सापडेना, पण थेंबांनी कण हळूहळू विरत गेले. सहाव्या आठवड्यात तिरीप पुन्हा स्वच्छ काळोखातून गेली. बाईंनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली आणि वर म्हणाल्या, "छपाईत तिसरं अक्षर वाकडं आहे."

त्या दिवशी तो छत्री मिटून घेऊन गेला. मला आनंद झाला. आणि मग, संध्याकाळी यंत्रावर कापड घालताना, थोडं कसंतरीच वाटलं. पेशंट बरा झाल्याचं वाईट वाटणारी मी एकटीच असेन.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला.

"डोळे तपासायचे आहेत."

"काय त्रास होतो?"

"त्रास नाही."

आता मला त्याची रीत कळली होती. "मग का आलात?"

पहिल्यांदाच त्याचं उत्तर लगेच आलं नाही. तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला, जणू ते तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"आत्या म्हणते... वर्षातून एकदा तपासावेत."

मी त्याला खुर्चीत बसवलं. चौकट चढवली, भिंगं बदलत गेले.

"हे बरं... की हे?"

"सारखंच."

"आता? पहिलं, की दुसरं?"

"पहिलं. पण तुम्ही दुसरं घालताना जास्त जवळ येता."

माझ्या हातातलं भिंग डब्याच्या कडेवर आपटलं. "मी काय विचारलं होतं?"

"पहिलं की दुसरं."

"मग तेवढंच सांगायचं."

"बरोबर आहे," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते — त्याचेही, आणि बहुधा माझेही. त्या खोलीत उजेड कमी असतो हे फार बरं असतं.

मग यंत्र. हनुवटी, कपाळ. आमच्यामध्ये वीतभर अंतर आणि एक उजेडाची रेघ. "माझ्या डाव्या कानाकडे बघा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तो बघत राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

"कानाला दोन भोकं आहेत," थोड्या वेळानं तो म्हणाला. "एक रिकामं आहे."

"कानाकडे बघायला सांगितलं होतं, मोजायला नाही."

"बघितलं की मोजलं जातं. घरचा संस्कार आहे."

त्याचे डोळे उत्तम होते. तसं मी कागदावर लिहूनही दिलं.

*

नऊ आठवड्यांनी छत्री परत आली.

या वेळी काकूंनी चेष्टा केली नाही. बाईंचा डोळा आधीपेक्षा लाल होता आणि तिरिपेत कणांची दाटी होती. तक्त्यावर त्या खालच्या दोन ओळींपाशी थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "इथून पुढं अंदाज आहे. अंदाजाला गुण देऊ नयेत."

मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "थेंब पुन्हा सुरू करू. पण बाई, हे असंच परत परत होत राहिलं तर नजर उतरत जाईल. आणि तुमच्या दुसऱ्या डोळ्याचा आधार नाही. गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात पाठवीन, पोटातून कडक औषधं द्यावी लागतील. कारण कळलं असतं तर..."

बाईंना थेंब घालून मी अंधाऱ्या खोलीत बसवलं. बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं लागतात. मी दाराकडे वळले, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"डोळा गेला तर माझं मी बघेन. पण याचं काय होईल? हा दिवसभर काम करेल, रात्रभर माझं करेल, आणि दमलोय असं कुणाला सांगणार नाही. का सांग?"

"कारण कुणी विचारणार नाही," मी म्हणाले.

"हुशार आहेस," बाई म्हणाल्या आणि हात सोडला.

तो खाली दारापाशीच्या बाकावर बसला होता. बाहेर भुरभुर पाऊस होता, आवाजही न करणारा. मी दोन कप चहा घेतला आणि शेजारी बसले. अंतर ठेवून... एका छत्रीएवढं.

"घाबरलात?"

"हो."

ते 'हो' आढेवेढे न घेता आलं. त्याला पाच मिनिटं तरी त्या बाकावरून उठवावं, कुठंतरी मोकळ्यावर न्यावं, असं फार वाटलं.

"रविवारी तळ्यावर येता का? मी चालायला जाते. सातला."

"रविवारी सातला नाही जमणार."

चहा एकदम कडू लागला. "असू दे. मी आपलं..."

"साडेसातला जमेल."

मी कप खाली ठेवला. "सातला काय असतं?"

"आत्याबरोबर बसतो. अर्धा तास तिला आडवं व्हायचं नसतं, वाकायचं नसतं. नुसतं ताठ बसायचं. ती कंटाळते, म्हणून मीही बसतो. मग ती मला तोंडी गणितं घालते."

"ताठ का बसायचं?"

"गोळी घेतल्यावर बसावंच लागतं. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. आडवं झालं तर घशाखाली जळजळ होते, असं पाकिटावर लिहिलंय."

पाऊस तेवढाच पडत होता. मला मात्र तो अचानक ऐकू यायला लागला.

"कसली गोळी?"

"हाडांची. मागच्या वर्षी पायपुसण्यात पाय अडकून पडली, मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत म्हणून दर रविवारी एक गोळी दिली."

"पण फॉर्मवर तुम्ही..."

"फॉर्मवर रोजची औषधं विचारली होती," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा बदलला.

कॉलेजच्या माझ्या वहीत एक ओळ होती. हाडं बळकट करणाऱ्या या जातीच्या गोळ्यांनी फार क्वचित डोळ्याला सूज येते. परीक्षेत ती आली नव्हती. पान डावं, ओळ खालून तिसरी. मला दिसत होती.

लिफ्टसाठी न थांबता मी जिना चढले. मागं त्याची पावलं.

*

"बाई, हाडांची गोळी कधी सुरू केलीत?"

अंधारात बाईंनी मान वळवली. "पहिल्यांदा इथं आले त्याच्या पाच रविवार आधी."

"तेव्हापासून सलग?"

"नाही. मध्ये दाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, हाडांसाठी काही घेता का. विचारलं म्हणून सांगितलं. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून आठ आठवडे थांबवायला सांगितलं."

"आणि परत कधी?"

"तीन रविवार झाले." मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. गणित त्यांनीही मांडलं असावं. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या.

आलेखाचा कागद माझ्या खणात असतोच. खाली आठवडे, बाजूला सूज. गोळीच्या प्रत्येक रविवारी एक ठिपका. ठिपके सुरू झाले, सूज आली. ठिपके थांबले, डोळा निवळला आणि थेंब बंद केले तरी निवळलेलाच राहिला. ठिपके परत आले... छत्री परत आली. दोन मिनिटांत काढलेला, वेडावाकडा आलेख. बाहुल्या मोठ्या झालेल्या बाईंनी तो हातभर लांब धरला.

"अक्षांना नावं दिलेली नाहीस," त्या म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मी आलेख ठेवला, शेजारी फॉर्म. पाच 'नाही'पैकी पहिल्यावर बोट ठेवलं. "हा प्रश्न मी लिहिलाय. पूर्वीच्या चार पानांत आठवड्याच्या, महिन्याच्या औषधांची वेगळी ओळ होती. मी ती काढली. सुटसुटीत व्हावं म्हणून."

त्यांनी आलेख पाहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बसणार फटका.

"तू प्रश्न छोटा केलास," त्या म्हणाल्या, "आणि मी तुझ्या कागदावर विसंबून विचारायचं छोटं केलं. दोघींनी शिकू या. हाडांच्या डॉक्टरांना फोन लाव."

बाईंना त्यांनी समोर बसवलं. "परवाची गोळी घ्यायची नाही, असं त्यांचं-माझं ठरलंय. पण नुसती बंद करून भागणार नाही, तुमच्या हाडांना काहीतरी हवंच. ते वेगळ्या जातीचं औषध देतील."

"म्हणजे हाडं की डोळा, असा पर्याय निवडायचा नाही ना?"

"नाही. दोन्ही राखायचे. खरं सांगायचं तर गोळी चांगली आहे, बहुतेकांना काही होत नाही. तुमच्यासारखं फार क्वचित होतं. मी तशी रीतसर नोंदही पाठवणार आहे, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

"क्वचित!" बाई पदवी मिळाल्यासारख्या बसल्या. "तेहतीस वर्षांत शाळेनं मला असं कधी म्हटलं नाही."

आम्ही सगळे हसलो. एक सोडून. तो दारापाशी उभा होता आणि टेबलावरच्या फॉर्मकडे बघत होता.

*

नंतरचे तीन आठवडे बाई शेजारणीबरोबर आल्या. तो आला नाही.

मी विचारलं नाही. नसती उठाठेव कशाला? माझ्या चुकीमुळे त्याच्या आत्याचा एकुलता एक चांगला डोळा परत सुजला होता. रविवारी साडेसातला मी तळ्याला दोन फेऱ्या जास्त मारल्या, इतकंच. तळ्याकाठचा बाक मात्र रिकामा होता.

"काय गं," काकू म्हणाल्या, "छत्रीवाल्यांनी छत्री बदलली की काय?"

"काकू, मला काम आहे."

"कर की. मी कुठं धरलंय?"

बाईंचा डोळा मात्र निवळत होता. पहिल्या आठवड्यात कण निम्मे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "वाकडं अक्षर अजून तसंच आहे." मी त्यांना मिठी मारली. यंत्राच्या आडून मारलेली ती मिठी फार काही जमली नाही.

त्यांना मी नवा फॉर्म तपासायला दिला. आता दीड पानी. 'रोज, आठवड्यातून, महिन्यातून किंवा वर्षातून एकदा — कोणतंही औषध, कोणत्याही अवयवासाठी.' दोन दिवसांनी तो लाल पेन्सिलीच्या खुणांसकट परत आला. सगळ्यात खाली बाईंनी स्वतः एक ओळ वाढवली होती: 'आम्ही विचारलं नाही, पण सांगावंसं वाटतं, असं काही?'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर पाटी लागलेली दिसली: 'लिफ्ट बंद. काम चालू.' दार उघडं होतं. आत, खाली थांबवलेल्या लिफ्टच्या टपावर तो बसलेला. मान माझ्या पायांच्या पातळीला, हाताला काळं ग्रीस.

मी पायरीवर बसले. तो वर बघेना.

"रागावलात?"

"हो."

तरी मी पुढचा प्रश्न विचारला. "माझ्यावर?"

"नाही."

"मग कुणावर?"

त्यानं पाना खाली ठेवला. "फॉर्मवर अक्षर कुणाचं होतं?"

ओळीनं उभे असलेले ते पाच 'नाही' मला आठवले.

"दर रविवारी तिच्यासमोर बसायचो," तो म्हणाला. "गोळी माझ्या हातानं काढून द्यायचो. आणि 'नाही' लिहिलं. विचारलं तेवढंच. एका शब्दाचा फरक होता, मी तो शब्द खर्च केला नाही."

"प्रश्न माझा चुकला होता."

"उत्तर माझं."

"मग हिशेब बरोबरीत सुटला की." मी हळूच म्हणाले. "आणि बाई... त्या कुणावर रागावल्यात?"

"दातांच्या डॉक्टरांवर खूश आहे. बाकी कुणावर काही नाही."

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्यानं घाईनं पाना उचलला. काही वेळ नुसता लोखंडाचा आवाज. मग तो टपावरून वर चढून आला, त्यानं खालच्या कुणाला तरी हाक दिली, लिफ्ट गुरगुरली, सावकाश खाली गेली आणि परत वर आली. थांबली. लिफ्टची जमीन आणि आमची जमीन, मध्ये सरळ रेघ.

तो वळला. माझ्यासमोर उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. ग्रीसमुळे खिशातही घालता येत नव्हते.

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला. "तरी सांगतो."

मी पायरीवरून उठून उभी राहिले.

"आत्याची गोळी बंद झाली. त्यामुळे रविवारी सात ते साडेसात..." तो थांबला. मला वाटलं, संपलं. पण नाही, तो पुढं बोलला, अडखळत, एकेक शब्द ओझं उतरवल्यासारखा खाली ठेवत. "तो अर्धा तास आता रिकामा असतो. तीन रविवार मी सवयीनं ताठ बसलो. समोर आत्या झोपलेली असायची. आणि मी... तुमचाच विचार करत होतो. डोळे तपासायला आलो तेव्हाही आत्या काही म्हणाली नव्हती. ते खोटं होतं. तेवढं एकच."

जिन्यावर कुणीतरी चढत होतं. काकूच असणार, इतक्या हळू दुसरं कुणी चढत नाही.

"सात," मी म्हणाले. "साडेसात नाही."

*

रविवारी तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावरची झाडं पाण्यात आहेत की पाण्याबाहेर, ते कळत नव्हतं. तो आधीच बाकावर बसला होता, मिटलेली छत्री गुडघ्यांवर, पाठ ताठ.

"टेकून बसलात तरी चालतं," मी म्हणाले. "तुम्ही गोळी घेतलेली नाही."

"सवय जायला वेळ लागेल." तो इंचभर मागं टेकला. "आत्यानं निरोप दिलाय. बाई म्हणणं बंद कर म्हणाली. आत्या म्हण."

"आणि तुम्हाला काय म्हणायचं, ते नाही सांगितलं?"

"म्हणाली, ते तुमचं तुम्ही सोडवा."

"मग अहो-जाहो सोडू या का?"

त्यानं थोडा विचार केला. "सोड," तो म्हणाला.

मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही, आणि कुठंच काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही. धुक्यातून एक बदक आलं, आमच्याकडे बघून परत गेलं.

माझ्या डाव्या कानाला वारा लागत होता. सकाळी निघताना, डबीच्या तळाशी कधीचा पडलेला एक बारीक खडा मी शोधून काढला होता. आरशासमोर पाच मिनिटं खटपट करून दुसऱ्या, रिकाम्या भोकात तो घातला होता. त्याबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते.

तो माझ्याकडे वळला. माझ्या कानाकडे त्यानं नीट, सावकाश पाहिलं.

"दोन," तो म्हणाला.

मी काहीच विचारलं नव्हतं.